तंत्रस्नेही रेवाळे सर

रेवाळे सर निवृत्त झाले तेव्हा तालुक्यातल्या शिक्षकांनी त्यांच्यावर गौरविका काढायचं ठरवलं. मला फोन आला. "शितप बाई, कातळसुरेच्या शाळेवर तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंत. तुम्ही लिहायलाच पाहिजे. पानभर पुरे. पण जरा गोड लिहा हां."

मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. 'रेवाळे सर म्हणजे' एवढे तीन शब्द झाले आणि पुढे जे सुचायला लागलं ते गौरविकेत छापण्यासारखं नव्हतं. गौरविका माझ्याशिवाय निघाली. गुळगुळीत कागदावर, रंगीत. पहिल्याच पानावर सर उभे आहेत, हातात टॅब, भोवती आमची मुलं. मुलं टॅबकडे बघतायत आणि सर कॅमेऱ्याकडे. त्या एका फोटोत सगळा माणूस आलाय; मी पानभर लिहून त्याहून अधिक काय सांगणार होते?

तरी जे सुचलं होतं ते लिहून टाकते. सरांवरचा राग केव्हाच गेला. राग माणसाला थोडी किंमत देऊन येतो. उरला तो तिटकारा, आणि तो काही केल्या जात नाही.

कातळसुरे हे रत्नागिरीहून जयगडला जाताना सड्यावरून खाली खोलगटात उतरलेलं गाव. वर सगळा उघडा कातळ, खाली आंबा-काजूची झाडी आणि त्यात आमची शाळा. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे. गावातले निम्मे पुरुष मुंबईला. ज्यांना बंदरावर नोकऱ्या लागल्या त्यांची मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जायची. दर जूनमध्ये आम्हाला एकच धास्ती, पट किती भरतोय. पट कमी झाला की शाळा बंद करण्याचं बोलणं निघतं, हे गावात पोरंसोरंही जाणून होती.

अशा शाळेवर सर मुख्याध्यापक म्हणून आले. अंगाने उंच, केस काळेभोर रंगवलेले, शर्टाच्या खिशात एक फोन आणि हातात दुसरा. खिशातला फोन असा ठेवलेला की कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना पडवीत उभं केलं आणि एकेकाला फोनमधून न्याहाळलं. नंतर मला कळलं, ते मुलांकडे तसेच बघत. नुसत्या डोळ्यांनी बघताना त्यांची नजर मुलाच्या डोक्यावरून पलीकडे जायची.

"बाई," ते मला म्हणाले, "शिकवतात सगळेच. शिकवलेलं दिसलं पाहिजे."

हे त्यांचं ब्रीद. दुसरा शब्द 'पुरावा'. मी सांगितलं की पहिलीतला अमुक मुलगा आज स्वतःचं नाव लिहायला शिकला, की ते विचारत, "पुरावा?" मी पाटी दाखवली तर म्हणत, "पाटी नको. लिहिताना फोटो काढायला हवा होतात." मग त्या मुलाला पुन्हा बसवायचं, पाटी पुसायची, आणि आत्ताच लिहिलंय असं तोंड करायला लावायचं.

दुपारची खिचडी वाढून झाली की मुलांनी हात मांडीवर ठेवून थांबायचं. सर पडवीच्या दोन्ही टोकांनी फोटो घेत. एका टोकाने कौलं गळल्याचा डाग दिसायचा, म्हणून ते टोक पुन्हा पुन्हा घ्यावं लागे. पहिलीतला एक भुकेला जीव एकदा न राहवून जेवायला लागला. सर त्याच्यापाशी गेले, गोड आवाजात म्हणाले, "तोंडातला घास खाली ठेव, बाळा. ताट भरलेलं दिसायला हवं." आणि त्या पोराने घास ताटात काढून ठेवला. फोटो छान आला होता. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुष्कळ अंगठे आले.

मग फ्लेक्स आला. 'डिजिटल शाळा कातळसुरे' असं मोठ्या अक्षरात, एका बाजूला संगणकाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सर. तो त्यांनी तिसरी-चौथीच्या खोलीच्या बाहेरून ठोकून घेतला, नेमका खिडकीवर. खोलीत काळोख झाला, वारा बंद.

मी म्हटलं, "सर, मुलांना त्याच खिडकीतून उजेड येतो."

"बाई, रस्त्यावरून खिडकी कोणाला दिसते? फ्लेक्स दिसतो." मग दया आल्यासारखे म्हणाले, "ट्यूब आहे की आत."

ट्यूब होती. वीज असली तर लागायची.

कोणी म्हणेल, या बाईला यंत्राचंच वावडं असेल. तसं नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर मी मुलांचं वाचन ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवत असे. आपण 'ष' कसा म्हणतो ते स्वतःच्या कानाने ऐकलं की पोरं हसत हसत सुधारायची. एकदा ज्यांचे बाबा मुंबईला आहेत अशा मुलांकडून मी एकेक निरोप बोलून घेतला आणि पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत मुंबईहून उलट निरोप आले. एक बाप नुसता रडला होता, दुसऱ्याने आकाशकंदील आणतो म्हणून कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी एकही मूल गैरहजर नव्हतं. सरांनी ते ऐकलं आणि विचारलं, "याचा फोटो?" आवाजाचा फोटो कसा काढायचा ते मला समजेना, त्यामुळे तो उपक्रम शाळेच्या खात्यावर जमा झाला नाही.

टॅब आले ते गावच्या मुंबईतल्या मंडळाकडून. चाकरमान्यांनी होळीला गावी आल्यावर शाळेत छोटा समारंभ केला. नारळ फुटला, हार झाले, मुलांच्या हातात एकेक टॅब देऊन फोटो झाले. चाकरमानी मुंबईला परतले त्या दिवशी सरांनी ते सगळे टॅब गोळा केले, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा न काढता पुन्हा खोक्यात घातले आणि ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवले. कसर लागू नये म्हणून मध्ये डांबरगोळ्या. किल्ली त्यांच्या गाडीच्या किल्लीबरोबर रत्नागिरीला ये-जा करायची.

मी मागितले. एकदा नाही, पुष्कळदा.

"बाई, या पोरांच्या हाताला तेल असतं, मीठ असतं. स्क्रीन जाते."

"मग हात धुवायला लावते."

"आणि पडला तर? जबाबदारी कोणाची? माझी." ते मान हलवून म्हणत, "वस्तू टिकली पाहिजे. ती शाळेची शान आहे."

पाहुणे यायचे असले की कपाट उघडे. मुलांना टॅब म्हटलं की आजही डांबरगोळ्यांचा वास आठवत असेल.

आणि एवढं करून सरांना त्या यंत्रातलं येत काय होतं? फोटो काढणं आणि पाठवणं. एखादा तक्ता मेलला जोडायचा झाला की हळूच माझ्या वर्गाच्या दारात यायचे. "बाई, ते जरा जोडून द्या. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय." त्यांच्या चष्म्याचा नंबर माझ्यादेखत अनेक वर्षं बदलत होता. मुलांना काम देऊन मी उठायची, जोडून द्यायची. तासाभरात त्याच तक्त्याबद्दल ग्रुपवर त्यांचं अभिनंदन व्हायचं, आणि सर खाली लिहायचे, 'तंत्रस्नेही व्हा, काळाबरोबर चला'.

खोलगटात शाळा, त्यामुळे नेटवर्क मिळायचं नाही. ते मिळायचं वर सड्यावर, एका काळ्या दगडापाशी. सर शिकवायचे तास टाकून तिथे जाऊन उभे राहत. एकदा वरिष्ठांची ऑनलाइन सभा होती. सर टाय लावून आले, सड्यावर खुर्ची नेली, पाठीमागे निळा पडदा धरायला गावातल्या दोन बाप्यांना उभं केलं. सभा रंगात आली आणि वाऱ्याने पडदा उडाला. मागे चरणाऱ्या म्हशी दिसायला लागल्या. तिकडून साहेबांनी विचारलं, "रेवाळे, कुठे आहात तुम्ही?" सर क्षणभरही न अडखळता म्हणाले, "शाळेच्या परसबागेत आहे, सर. मुलांना पशुधनाची ओळख करून देतोय." पडदा धरणारे बाप्ये ही गोष्ट पुढे वर्षभर गावात सांगत होते. मीही हसले. पण खाली तिसरी-चौथी त्या दिवशी सकाळपासून वाऱ्यावर होती, हे हसून झाल्यावर आठवायचं.

इथवरचं सगळं मी विसरून गेले असते. असे मुख्याध्यापक आणखीही आहेत. सरांना मी विसरू शकत नाही ते वेगळ्याच कारणासाठी, आणि त्याची सुरुवात चांगल्या गोष्टीने झाली.

परतीच्या पावसात एका वर्षी जोराचं वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर गेला. सड्यावरच्या दगडापाशीही काही मिळेना. सरांचे दोन्ही फोन बंद पडले. पहिल्या दिवशी ते ऑफिसात नुसते येरझाऱ्या घालत होते. खिशाला हात लावायचे, पुन्हा काढायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला. इतका मोठा, की माझी पहिली-दुसरीची पोरं उठून दारात गेली. मीही गेले.

सरांनी बाकं भिंतीला लावली होती. स्वतः मुलांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि पुढे जांभ्या खड्यांचा ढीग. ते एका तरीवाल्याची गोष्ट सांगत होते. जयगडच्या खाडीत होडी चालवणारा एक म्हातारा, त्याची होडी गळकी, वारा सुटलेला आणि अलीकडच्या काठावर माणसं खोळंबलेली, त्यात एक म्हातारी आणि पोरंसोरंही. कोणाला आधी न्यायचं? किती जण बसवले तर होडी बुडणार नाही? किती फेऱ्या होतील? प्रत्येक प्रश्नाला मुलं खडे मांडत होती, वाटत होती, चुकत होती, भांडत होती. भागाकार चालला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. सरांचा आवाज वेगळाच लागला होता. म्हातारा बोलायचा तेव्हा त्यांच्या खालच्या ओठाला थरथर सुटायची, वारा आला की ते गालातून असा आवाज काढत की मुलं दप्तरं सावरायची.

त्या घोळक्यात तिसरीतली मिताली होती. मिताली गप्प पोर. वाचायला उभी केली की पहिल्या शब्दावर थांबायची, नखं कुरतडायची. ती पुढे सरकून सरांच्या गुडघ्याला टेकली होती. "सर, म्हातारीला आधी न्या," ती म्हणाली. "ती हलकी हाय. तिच्याबरोबर दोन पोरं जातील." सगळ्यांनी खडे मांडून बघितले, आणि बरोबर निघालं. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वा! तू तांडेल हो. होडी तू चालव."

घरी जाताना मिताली पावसात नाचत गेली.

असं दोन-तीन दिवस चाललं. गोष्ट वाढत गेली, होडी खाडीच्या मध्यावर आली, पाणी आत यायला लागलं. मी माझी पोरंही त्यांच्या वर्गात नेऊन बसवायला लागले. इतकी वर्षं शिकवतेय, पण असं शिकवणं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला मनातून आनंद झाला, थोडी शरमही वाटली, की आपण या माणसाला ओळखलंच नाही.

मग वीज आली. दुपारची वेळ, होडी खाडीच्या ऐन मध्यावर, म्हातारा वल्हं टाकून उभा राहिलेला, आणि वर्गातली ट्यूब फडफडून लागली. सर वाक्याच्या मध्ये होते. त्यांनी ट्यूबकडे बघितलं. हातातले खडे खाली ठेवले, पँट झटकली आणि उठले. पिशवीतून चार्जर काढून ऑफिसकडे चालू लागले.

"सर, पुढे?" मुलं ओरडली.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी टॉवर सुरू झाला आणि बुडालेल्या दिवसांचे फोटो पाठवायचे राहिले होते. ते वेगवेगळ्या दिवसांचे दिसावेत म्हणून मुलांना कपड्यांचे दोन-तीन जोड घेऊन बोलावलं होतं. तरीवाल्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मुलांनी दोन-चार दिवस विचारलं, मग सोडून दिलं.

त्या दिवसापासून मला त्यांचा तिटकारा आला. शिकवता येत नाही म्हणून एखादा फोटो काढत बसत असेल, तर त्याची कीव करता येते. या माणसाला येत होतं. माझ्याहून, तालुक्यातल्या कोणाहूनही चांगलं येत होतं. आणि ते त्यांनी पँटवरची धूळ झटकावी तसं झटकून टाकलं, कारण त्याला अंगठे येत नाहीत.

पुढच्या काही महिन्यांत शाळेची निवड बक्षिसासाठी झाली. जिल्ह्याहून एक मॅडम पाहणीला यायच्या होत्या. कपाट उघडलं, टॅब निघाले. मुलांची तालीम सुरू झाली. इथे बोट ठेवायचं, मग इथे, पान उघडलं की हात मागे बांधून पाठ केलेलं म्हणायचं. कोणी बोट दुसरीकडे ठेवलं तर सर मनगट धरून परत आणायचे. पान कुठलं उघडलंय याच्याशी म्हणण्याचा संबंध नव्हता. समोर हत्तीचं चित्र यायचं आणि पोरं पाण्याचं महत्त्व सांगायची.

मॅडम आल्या. बाई चांगल्या होत्या, दमलेल्या होत्या. दिवसभरात बऱ्याच शाळा बघायच्या होत्या त्यांना. फिरत फिरत मितालीपाशी थांबल्या. मितालीने बोट ठेवलं, पान उघडलं, हात मागे बांधले. पण तिने म्हणायला सुरुवात करायच्या आधीच मॅडम खाली वाकून म्हणाल्या, "बाळा, तुला शाळेत सगळ्यात जास्त काय आवडतं?"

हे तालमीत नव्हतं. मितालीने सरांकडे बघितलं. मग म्हणाली, "गोष्ट."

"कुठली? टॅबवरची?"

"नाय. सरांची. तरीवाल्याची." आणि तिचा चेहरा एकदम उजळला. ती सरांकडेच वळली. "सर, त्याची होडी पोचली काय हो पलीकडं?"

कुठल्या शिक्षकाला अधिकाऱ्यासमोर याहून मोठी पावती मिळाली असती? दोन वाक्यांत काम होतं. पोचली म्हणायचं, नाहीतर उद्या सांगतो म्हणायचं. मॅडम कौतुकाने बघतही होत्या. पण सरांच्या तालमीला तडा गेला होता. ते हसले, मितालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "ही जरा कमी आहे, मॅडम. डोक्याने. समजून घ्या. हिला आम्ही टॅबवर स्पेशल घेतो."

मराठीतच म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवून.

मी मागे उभी होते. मी पुढे येऊन म्हटलं, "नाही मॅडम. ही मुलगी मुळीच कमी नाही. ती विचारतेय ती गोष्ट सरांनीच सांगितली होती. भागाकार शिकवताना. फार सुंदर सांगितली होती."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "छान, छान," म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्या गेल्यावर सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही मला तोंडघशी पाडायला निघाला होतात." मी म्हटलं, "हो." त्यानंतर सड्यावर जाऊन माहिती पाठवायची कामं माझ्याकडे आली.

मिताली दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. ती काजूच्या कारखान्यात कामाला होती, चिकाने बोटं काळी पडलेली. ऑफिसच्या उंबऱ्यातच उभी राहिली. मी हजेरी द्यायला आत गेले होते.

"सर, माझी पोर कमी हाय?"

"अहो वहिनी, या ना, बसा. कोण म्हणालं असं?"

"तुमी म्हनलात. ती सांगत नव्हती. शेजारच्या पोरांनी सांगितलानी."

"ते होय!" सर हसले. "साहेब लोकांपुढे काहीतरी बोलावं लागतं. त्याचं एवढं मनावर घ्यायचं नसतं."

"मी नाय घेतलं. तिनं घेतलान." बाईचा आवाज चढला नव्हता. "भाकरी करत व्हते तर बाजूला येऊन बसली. म्हनते, आये, कमी म्हंजे किती कमी?"

मला खाली बघावं लागलं. सरांनी टेबलावरचा फोन उचलला. "हे बघा, तुम्ही आलाच आहात तर एक फोटो घेऊ. पालकभेट म्हणून टाकायचा राहिलाय."

बाई उंबरा ओलांडून आत आली, टेबलाला लागून उभी राहिली. "काढा," ती म्हणाली. "आनि खाली ल्हिवा, ही त्या कमी पोरीची आई."

सरांनी फोन खाली ठेवला.

"दाखला द्या तिचा."

आता मात्र सर हडबडले. एक दाखला म्हणजे पटावरून एक नाव. "अहो, असं काय करता? दाखला असा तडकाफडकी मिळत नसतो. थांबा, मी तिला टॅब घरी देतो. दोन दिवस ठेवू दे हवा तर. कोणालाच देत नाही मी."

"तिला टॅब नको. तिला एवढंच सांगा, ती होडी पोचली काय. तुमच्या तोंडाने सांगा. मी उंद्यापासून पाठवतंय तिला."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कुठली होडी?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर आठवत नव्हती.

मितालीच्या आईनेही माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरून तिला काय ते कळलं असावं. ती तशीच मागे फिरली, आणि आठवड्याभरात दाखला घेऊन गेली. मिताली सड्यापलीकडच्या गावातल्या शाळेत जायला लागली, पायी. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांना मी सांगून ठेवलं की ही पोर बोलेल, घाई करू नका. ती बोलायला लागली, पण बऱ्याच दिवसांनी.

तरीवाल्याची गोष्ट मी एकदा माझ्या मुलांना पुरी करून सांगायचा प्रयत्न केला. मोठी पोरं दारातून ऐकत होती. शेवटी एक मुलगा म्हणाला, "असं नाय, बाई. सर वेगळं सांगत व्हते." त्याचं बरोबर होतं. माझ्या तोंडी तो म्हातारा लाकडाचा झाला होता.

बक्षीस मिळालं. गावाने मिरवणूक काढली. पटावरची आणखी काही मुलं पुढच्या जूनमध्ये पिवळ्या व्हॅनमध्ये बसली. सरांची मागणी वाढली आणि दुसऱ्या शिक्षकांना तंत्रस्नेही करायला त्यांना नेमण्यात आलं. शाळेचा कार्यभार माझ्याकडे आला. कपाट उघडून बघितलं तर खोक्यांत टॅब फुगले होते. न वापरता पडून पडून आतली बॅटरी सुजली होती, काचा वर आल्या होत्या. प्लास्टिकचा पापुद्रा मात्र तसाच, कुठे एक ओरखडा नाही. मंडळाचे लोक गणपतीला आले तेव्हा मी त्यांना खोकी उघडून दाखवली. त्यांनी एकेक टॅब हातात घेऊन बघितला. मग त्यातला एक जण म्हणाला, "बाई, खिडकीवरचा तो फ्लेक्स तरी काढूया." आम्ही सगळ्यांनी मिळून काढला.

शाळा अजून चालू आहे. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही.

सरांना मी अलीकडेच पाहिलं. रविवारी सकाळी मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. गर्दीत सर दिसले. पांढरे झालेले केस आता रंगवत नव्हते. इस्त्रीची फिकट पँट, हातात कापडी पिशवी. निवृत्त माणूस दिसला की आपण जरा मऊ होतो. मीही झाले. दोन शब्द बोलावे म्हणून पुढे होणार, तेवढ्यात समोरून एक धिप्पाड माणूस आला. बोटीवरचा असावा, गुडघ्यापर्यंत भिजलेला, हाताला खवले चिकटलेले.

"गुरुजी! ओळखलात काय? तुमच्या पयल्या शाळेतला मी!" आणि त्या चिखलपाण्यात तो सरांच्या पायाशी वाकला.

सर चटकन दोन पावलं मागे सरले. "अरे, अरे, राहू दे. हात घाण आहेत तुझे. पँटला लागेल."

त्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही. तो हसला, हात चड्डीला पुसले आणि लांबूनच जोडले. मग मासेवालीला म्हणाला, "आमचे गुरुजी हायत. चांगली सुरमई दे, माझ्याकडून." सरांनी सुरमईचे कल्ले उचलून बघितले, पोटाला बोट दाबून बघितलं, दुसरी दाखव म्हणाले, ती पिशवीत घेतली आणि मान हलवून निघाले. त्याचं नाव त्यांनी विचारलं नाही.

तो माणूस हात तसेच जोडून ते जातात तिकडे बघत राहिला होता. मी त्याच्या शेजारीच होते. त्याला वाटलं मीही ओळखीतली असेन. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ह्यांच्या वर्गातून घरी जायला नको वाटायचा आमाला. असा मास्तर परत व्हनार नाय."

तो म्हणत होता ते खरं होतं. पलीकडे सर गर्दीतून वाट काढत होते, सुरमईचं पाणी गळत होतं म्हणून पिशवी अंगापासून लांब धरून.